कालकथित देवरावांचा ओटीपी

१

बाबा फेब्रुवारीत गेले, आणि मार्चच्या शेवटी त्यांनी कोणाला तरी ओटीपी दिला.

मला हे कळलं मे महिन्यात, अमरावतीला, कुंदाताईंच्या ऑफिसात. छकुली मांडीवर झोपली होती, तिच्या घामानं माझी ओढणी चिकटली होती, आणि कूलर गार हवेपेक्षा आवाजच जास्त देत होता. कुंदाताई कर सल्लागार. माझ्या सासरच्याच गल्लीत ऑफिस असल्यामुळे माझ्याकडून फी कमी घेतात आणि बोलतात जास्त.

"नावापुढे कै. लिहू ना?"

"कालकथित लिहा, ताई. आमचे बाबा कैलासाला कशाला जातील?"

"बरं बाई, कालकथित. फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून वाचलो, दोन्हीला एकच शब्द." त्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

बाबा म्हणजे देवराव तायडे. वीज मंडळात लाइनमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्याच्या आमच्या घराची पुढची मोठी खोली रिकामी केली, बाकं टाकली आणि वस्तीतल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका काढली. वरचा मजला एका पतसंस्थेला भाड्यानं दिला. त्या भाड्यातून अभ्यासिकेचं लाइट बिल आणि घरखर्च. मागच्या दोन खोल्यांत आई-बाबा. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की आई आहे तोवर घर आणि अभ्यासिका जशीच्या तशी राहील, त्यानंतर आम्हा दोघा भावंडांना निम्मं-निम्मं, आणि हे सगळं पार पाडायचं मी, दीक्षानं.

ते गेल्यावर पतसंस्थेनं भाडं थांबवलं. कोणाच्या नावानं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न खराच होता.

"पण बाबांचा पॅन होता ना?" मी विचारलं.

"तो त्यांच्याबरोबर संपला. घर आता त्यांचं नाही आणि अजून तुमचंही झालेलं नाही. या मधल्या काळातलं उत्पन्न इस्टेटीचं. इस्टेट म्हणजे एक वेगळा माणूसच समज. त्याला स्वतःचा पॅन लागतो, त्यावर खातं उघडतं, त्या खात्यात भाडं जमा होतं. मृत्यूचा दाखला आणलास, आता मृत्युपत्राची प्रत दे."

बाबांचा ईमेल मीच काढून दिला होता आणि तो माझ्याच फोनमध्ये उघडतो. स्कॅन केलेली प्रत शोधत मी खाली खाली गेले आणि एका ओळीवर बोट थांबलं. आपल्या आधारची पडताळणी ओटीपीद्वारे यशस्वी झाली. खाली तारीख. मी ती पुन्हा वाचली. मग फोन कुंदाताईंपुढे धरला.

त्यांनी चष्मा वर सरकवला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"अर्जावर मी लिहून देणार की हा माणूस फेब्रुवारीत गेला. आणि त्याच्याच आधारवर मार्चमध्ये ओटीपी दिला गेलाय. तुझ्या भावानं उद्या मृत्युपत्रावर हरकत घेतली, तर पहिला हाच ईमेल पुढे येईल. कोणी दिला, कशासाठी दिला, ते शोधून आण. त्याशिवाय माझी सही नाही."

ओटीपी जातो बाबांच्या नंबरवर. आणि बाबांचा फोन दवाखान्यातून हरवला होता, ते गेले त्याच दिवशी. तेव्हापासून तो नंबर मी किती वेळा लावला असेल! दर वेळी तेच उत्तर, बंद आहे.

म्हणजे तो हरवला नव्हता. कोणीतरी तो बंद करून ठेवला होता.

२

लपवायचं कशाला म्हणून मी जिन्यातूनच दादाला फोन लावला. नागसेनदादा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. सगळं एका दमात सांगितलं.

"दादा, ऐकतो आहेस ना?"

"आयकून राह्यलो. बाबाचा ईमेल कोनाच्या फोनात?"

"माझ्या."

"आधार कोनं जोडून देल्लं?"

"मीच."

"दवाखान्यात शेवटच्या रात्री कोन होतं?"

तिथंही मीच होते. छकुली जागी होऊन माझ्या कानातलं ओढत होती.

"मंग मले काहून इचारतं? मृत्युपत्रात सारं तुया हाती, फोन तुया हाती. अजून काय काय सह्या करून ठेवल्या असशीन, मले काय मालूम?"

"दादा, मी असं करीन?"

"मी काईच म्हणत नाई. पोलीस म्हणतीन काय म्हणाचं ते." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "दोन महिन्याचं लाइट बिल मी भरलं. आता नाई भरत. आई तिथं एकटी राह्यते, गुडघे धरून चालते, आन् पोराईसाठी पंखे फिरून राह्यले. रविवारी येतो अकोल्याले. अभ्यासिकेले कुलूप लावतो आन् आईले बडनेऱ्याले नेतो. तोवर कोन फोन वापरला ते सांग, नाई तं मी ठाण्यात जातो."

आईला बडनेऱ्याला न्यायचं म्हणजे काय, ते त्यालाही माहीत होतं. तिनं त्या घराच्या विटा स्वतः वाहिल्या होत्या. बाबांचा जलदान विधी झाल्यावर पाहुणे निघाले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मले इथून उठवू नका."

शुक्रवार होता. छकुलीचे कपडे पिशवीत कोंबले आणि अकोल्याची बस धरली.

३

"कायले आली वं एवढ्या उन्हाची?" आईनं दारातच छकुलीला माझ्याकडून घेतलं. "लेकराचं तोंड पाय कसं लाल झालं!"

आई वाळली होती. लुगडं अंगावर नुसतं अडकवल्यासारखं. तिला ओटीपीचं काही सांगायचं नाही असं मी बसमध्येच ठरवलं होतं. नवरा गेल्याला तीन महिने होत नाहीत, आणि लेक-मुलगा फोनवरून भांडतात, हे तिनं कशाला ऐकायचं?

तिनं मला जेवायला बसवलं. छकुली रांगत स्वयंपाकघरात गेली आणि ज्वारीच्या कोठीमागून एक वायर ओढत बाहेर आली. मी धावले. बारीक पिनेचा जुना चार्जर, बटण चालू. हातात घेतला तर गरम. पण मे महिन्यात अकोल्यात काय गरम नसतं! नळाचं पाणी गरम, उशी गरम. बटण बंद केलं, वायर वर अडकवली, छकुलीच्या हातात चमचा दिला आणि विसरून गेले.

संध्याकाळी अभ्यासिकेत गेले. अश्विन दारापाशी बसला होता. तो इथला सगळ्यात जुना विद्यार्थी, आता लहान मुलांना गणित शिकवतो आणि किल्ली त्याच्याकडे असते. बाबांचे सगळे ऑनलाइन अर्जही तोच भरायचा. माझ्या मनात पहिलं नाव त्याचंच आलं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

"ताई, तुमी? बसा ना जी."

"अश्विन, बाबांच्या आधारचं काही काम केलंस का तू? ते गेल्यावर?"

त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाई. काकाजींचे कागद मी तुमाले जलदानच्या दिवशीच देल्ले. त्याच्यानंतर कपाटाले हात नाई लावला."

"त्यांचा फोन पाहिलास कुठे?"

यावर मात्र त्यानं मान खाली घातली आणि पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "हरवला म्हणते ना सारे."

सगळे म्हणतात हे मलाही माहीत होतं. मी विचारलं होतं की त्यानं पाहिला का.

"दादा रविवारी कुलूप लावणार आहे. मुलं येतात तरी का अजून? बाबा नाहीत उठवायला."

"येते की. उजाडाच्या आत बाकं भरते."

मला खरंच नवल वाटलं. बाबा रोज पहाटे मुलांना मिस कॉल देऊन उठवायचे, एकेकाला, बाजेवर बसल्या बसल्या. त्यांचा एक नियम होता. सगळ्यात लांबच्याला आधी उठवायचं, कारण त्याला यायला वेळ लागतो. सगळ्यात जवळच्याला शेवटी. मी अमरावतीला होस्टेलला असताना रोज पहिला कॉल मला यायचा. मी चिडायचे, "बाबा, मी काय तिथून चालत येऊन बाकावर बसणार आहे का?" ते म्हणायचे, "लांब कोन हाये? तू ना? मंग उठ."

"बाबांशिवाय कशी उठतात?"

"अलार्म लावते ना, ताई." अश्विन पटकन म्हणाला. मग जरा थांबून, "जमुनाचं झालं तेव्हापासून कोनी झोपत नाई."

जमुना वस्तीच्या पार टोकाला राहते, पोलीस भरतीची तयारी करत होती. बाबा गेले त्याच पहाटे तिची मैदानी चाचणी होती. त्या पहाटे तिला कोणी उठवलं नाही.

४

रात्री छकुलीला थोपटताना ईमेलमधली तारीख पुन्हा पाहिली. या दिवशी कोण कुठे होतं? मी अमरावतीला, छकुलीला ताप होता म्हणून लक्षात आहे. दादा बहुतेक ड्यूटीवर. मग फोनमधले जुने फोटो चाळायला लागले, आणि त्याच तारखेचा एक सापडला. मायावहिनीनं पाठवलेला. गच्चीवर पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या, कडेला आईची चप्पल. खाली लिहिलं होतं, "आईंच्या हातच्या, तुमचा वाटा काढून ठेवला."

त्या दिवशी वहिनी अकोल्यात होती.

दवाखान्यातून बाबांच्या सामानाची पिशवीही वहिनीच्याच हातात दिली होती. "चष्मा हाये, घड्याळ हाये, फोन तेवढा नाई," असं तिनंच तर सांगितलं होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती. बाप गेलेल्या दिवशी फोन कोण शोधत बसतं?

मी व्हिडिओ कॉल लावला. वहिनी ओट्यापाशी होती, मागे कुकरच्या शिट्या.

"वहिनी, कुरडया केल्या त्या दिवशी बाबांच्या नंबरवर ओटीपी आला होता. तुम्ही तिथं होता."

तिनं गॅस बंद केला. दाराकडे पाहिलं. दादा घरातच असावा.

"ताई, मले नका इचारू."

"वहिनी, दादा माझ्याविरुद्ध पोलिसात जायला निघालाय. रविवारी अभ्यासिकेला कुलूप लागेल. आईला घरातून उठवतील. आणि तुम्ही म्हणता विचारू नका?"

तिचे डोळे भरले. "वाईट काई नाई केलं वो. तुमच्या छकुलीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. पन मी शब्द देल्ला."

"कोणाला? दादाला?"

तिनं मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही, आणि कॉल बंद झाला.

 दादाच! दुसरं कोण? स्वतः काहीतरी करून ठेवायचं आणि आळ माझ्यावर घ्यायचा. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणारा माझा भाऊ. मला रडायलाही येईना. छकुलीनं माझ्या गालाला हात लावला तेव्हा कळलं की गाल ओले होते.

५

उन्हाळ्यात अख्खी वस्ती गच्चीवर झोपते. पतसंस्थेच्या वरची गच्ची आमची. आई मात्र खालीच झोपली. "माये गुडघे नाई चढत," म्हणाली. मी म्हटलं मीही खाली झोपते, तर जवळजवळ रागावली, "लेकराले उकाड्यात मारतं काय? जा वर."

पहाटे छकुली दुधासाठी उठली. आकाश अजून काळंच होतं, पण कडेनं जरा विरलेलं. तिला ओढणीखाली घेऊन मी कठड्याला टेकले. सगळीकडे झोपलेल्या गच्च्या, पांढऱ्या चादरी, कुठे तरी एखादं खोकणं.

आणि वस्तीच्या पार टोकाला एक फोन वाजला. एकच रिंग. थांबली.

जरा वेळानं दुसरा, नाल्याच्या अलीकडे. एक रिंग. थांबली. चादर हलली, कोणीतरी उठून बसलं.

मग तिसरा, पिंपळाजवळ. मग चौथा. रिंग एकेक गच्ची ओलांडत आमच्या घराकडे येत होती. मी कठड्यावरून मान वळवली. छकुली दूध प्यायची थांबून माझ्याकडे पाहायला लागली. शेवटची रिंग अगदी शेजारच्या गच्चीवर, अश्विनच्या उशाशी. तो उठला, फोनकडे पाहिलं, उचलला नाही, कपाळाला लावला आणि अंथरूण गुंडाळायला लागला.

अलार्म?

अलार्म असे रांगेत नसतात उभे राहत. सगळ्यांना एकाच वेळी यायचं असतं, मग सगळ्यांचे अलार्म मिळून एकदम कल्ला करतील, नाही तर जसे लावले तसे मागेपुढे, कुठूनही वाजतील. एक संपल्याशिवाय दुसरा नाही, आणि तेही लांबून जवळ, हे एकच माणूस एकाच फोनवरून करत असेल तरच होतं.

छकुलीला एका हातानं धरून मी दुसऱ्या हातानं बाबांचा नंबर लावला. तीन महिने जो फक्त बंद होता, तो नंबर.

रिंग गेली.

६

कोणी उचलला नाही. पुन्हा लावला तर पुन्हा बंद.

शनिवारचा दिवस मी कोणाला काही बोलले नाही. आईच्या मागे मागे फिरले, तिच्या हातचं खाल्लं, तिच्या केसांना तेल लावलं. मनात मात्र एकेक गोष्ट जागेवर बसत होती. कुंदाताईंना फोन करून एकच विचारलं, "ताई, पडताळणी पैशांसाठीच करतात का?" त्या म्हणाल्या, "छे, सिमकार्डासाठीसुद्धा करतात." उरलेला तुकडाही बसला.

रविवारी दुपारी दादा आला. हातात नवं कुलूप, कागदातून न काढलेलं. मागे वहिनी, रडून डोळे सुजलेली. मी अश्विनलाही बोलावलं. आईनं सगळ्यांना पाणी दिलं आणि कोठीला टेकून बसली.

"सांग," दादा उभ्यानंच म्हणाला. "कोन वापरला बाबाचा फोन?"

"बस आधी."

"मी बसाले नाई आलो."

"मग उभ्यानं ऐक. मला वाटलं तू वापरला."

"मी?" दादाचं तोंड उघडंच राहिलं.

"तुला वाटलं मी, मला वाटलं तू. दोघंही चुकलो. पिशवी वहिनीच्या हातात आली, कुरडयांच्या दिवशी वहिनी इथं होत्या. ओटीपीचं काम वहिनींनी केलं. पण फोन त्यांच्याकडे नाही. फोन रोज पहाटे या वस्तीतच चालू होतो, वहिनी तर बडनेऱ्याला असतात."

"मंग अश्विन," दादा वळला.

"अश्विनलाच रिंग येते, रे. मी स्वतः पाहिलं. शेवटची त्याला येते, कारण तो सगळ्यात जवळ राहतो. पहिली जमुनाला, ती सगळ्यात लांब. दादा, ही बाबांची रांग आहे. बाबांनी ती कधी लिहून ठेवली नाही. आपल्याला नियम माहीत होता, पण आता कोण कुठल्या घरात राहतं, कोणाच्या नंतर कोण, हे तुला येतं? मला नाही येत. रोज पहाटे त्यांच्या शेजारच्या बाजेवर पडून जिनं इतकी वर्षं ते ऐकलं, तिलाच येतं."

कोणी आईकडे पाहत नव्हतं. 

"चार्जर गरम होता, आई," मी म्हणाले. "नुसता लावून ठेवलेला चार्जर एवढा गरम होत नाही. त्याला लावलेला फोन नुकताच काढलेला होता. तुझ्या फोनला ती पिन बसतही नाही. आणि तुझे गुडघे जिना चढत नाहीत, पण कुरडया वाळत घालायला चढले होते. फोटोत तुझी चप्पल आहे."

आईनं काही वेळ पदराचा कोपरा पिळला. मग कोठीचं झाकण उघडलं, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाबांचा जुना बटणांचा फोन बाहेर काढला. पदरानं पुसला.

"तुया बाप गेला तं पहाटच होती," ती म्हणाली, कोणाकडेच न बघता. "त्या पहाटे कोनी कोनाले उठवलं नाई. सांजच्याले जमुना आली. मले वाटलं रडाले आली त्याच्यासाठी. पाय धरले तिनं माये. म्हणे, काकू, काकाजी गेले आन् मी झोपून राह्यली. तिची भरती गेली, आन् माफी मले मांगून राह्यली थे."

"आई, पण तुझा फोन आहे ना वेगळा?"

"माया नंबरवरून देल्ला तं म्हणतीन म्हातारीचा चुकून लागला. त्याच्या नंबरचा धाक हाये, माय. मी कुठं बोलतो? नुसती रिंग देतो आन् बंद करतो. हे नागसेन पाह्यते तं हिसकून घेते, म्हणून सुनेजवळून पिशवीतला फोन गुपचूप मांगून घेतला, अजून कोनाले सांगतलं नाई."

"रिचार्ज संपला होता, आई लहान लेकरावानी रडे," वहिनी हळूच म्हणाली. "दर वेळी कोन लपून रिचार्ज करन? दुकानवाला म्हणे बिलावर टाका, पोस्टपेड करा, नंबर कधीच बंद नाई होत. माया फोनवरून अर्ज भरला, आईनं त्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला. मले काय माहीत वो, मेलेल्या मानसाचं असं काई करू नये म्हणून!"

"आन् मले नाई सांगतलं तू?" दादा.

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

दादानं हातातलं कुलूप खाली ठेवलं. तो अश्विनकडे वळला. "तुमाले मालूम होतं साऱ्याईले?"

"पहिल्याच दिवशी समजलं, दादा. काकाजींची रिंग जरा लांब राहे. काकू घाबरून लवकर कापते." अश्विन जमिनीकडे पाहत होता. "आमी ठरवलं, उचलाचा नाई आन् इचाराचं नाई. इचारलं तं काकू बंद करन."

आईनं फोन दादापुढे धरला. "घे. ठाण्यात दे, नाई तं नदीत टाक. पन उद्या पहाटे मंग तू उठवजो साऱ्याईले. आन् मले बडनेऱ्याले नेतं तं ने. तिथं कोनाले उठवू मी?"

दादानं फोन घेतला नाही. कधी बसला तेही कळलं नाही, पण बसला होता, आईच्या पायाशी, आणि त्याचे खांदे हलत होते. तीन महिन्यांत तो रडला नव्हता. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

छकुली रांगत गेली आणि कागदातलं कुलूप तोंडात घालायला लागली.

"दादा," अश्विन चाचरत म्हणाला, "अभ्यासिकेचं जुनं कुलूप तसंही अडकते. हे आनलंच तं किल्ली मले देजा."

७

कुंदाताईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसून पुन्हा लावला. मग कामाला लागल्या. आईनं आणि वहिनीनं खरं काय झालं ते सहीनिशी लिहून दिलं. बाबांचा नंबर मृत्यूच्या दाखल्यासह कंपनीला परत केला. आधी दोघींना त्यांनी चांगलं फैलावरही घेतलं, "हेतू चांगला होता म्हणून बरं, नाही तर त्याच ओटीपीवर कोणी घर विकलं असतं!" आई मान खाली घालून म्हणाली, "हो बाई." मृत्युपत्रावर हरकत नाही, असं दादानं स्वतःहून लिहून दिलं. मग टोपण निघालं आणि कुंदाताईंची सही झाली.

पॅन जूनमध्ये आला. कार्डावर बाबांचं नाव, आधी इस्टेट. फोटो नाही, नुसतं नाव. मी ते छकुलीला दाखवलं आणि सांगितलं, हे आजोबा नाहीत, आजोबांचं घर आहे. पतसंस्थेचं भाडं सुरू झालं. पंखे चालू राहिले.

बाबांचा नंबर बंद झाला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आता काय होईल? मुलं उठतील? आईच्या नंबरचा धाक वाटेल?

पहाटे अंधारात उशाशी फोन वाजला. एकच रिंग. जरा लांबलेली. उचलेपर्यंत थांबली. आईचा नंबर.

मी उठून बसले. छकुली गाढ झोपली होती. मी तसाच फोन धरून राहिले, जसं काही त्याच्यात अजून काही येणार होतं. आणि आलंच. दादाचा कॉल, बडनेऱ्याहून.

"झोपली होती काय?"

"नाही. उठवलं मला."

"मलेबी. तुले आधी आला?"

"हो. तुझ्या आधी."

"हं." पलीकडे गाडीची शिट्टी वाजली. "बडनेरा जवळ पडते ना जरा."